नवं ताट

खारेगाव, कळवा
९ नोव्हेंबर २०२५, रविवार

प्रिय ताई,

नमस्कार आणि सलाम, दोन्ही घे. तुझी तब्येत बरी असेल. पायांवरची सूज उतरली का? मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवून बसतेस ना? अश्फाकजिजूंना आणि अम्मींना माझा सलाम सांग. इकडे सगळे ठीक आहेत. माझ्या शाळेत सहामाही संपली, आता पेपर तपासणं चाललंय. ‘पानिपतची लढाई आपण कोणामुळे हरलो’ या प्रश्नाला सातवीतल्या एकाने ‘आपल्यामुळे’ एवढंच उत्तर लिहिलंय. मी पूर्ण मार्क दिले.

तू म्हणशील, फोन असताना हिला पत्र लिहायचं कुठून सुचलं. मेसेजवर निळ्या खुणा दिसतात, ताई. तू वाचलंस हे मला लगेच कळायला नको आहे. शिवाय मेसेज तू गॅसजवळ उभी राहून, एक डोळा कुकरवर ठेवून वाचशील. हे पत्र बसून वाच. उपाशीपोटी वाचू नकोस, आणि जेवल्या जेवल्याही नको.

मागच्या रविवारचे फोटो शेजारच्या सुमेधाने पाठवले, ते तुला मिळाले असतील. हिरव्या साडीत तू किती भरल्यासारखी दिसतेस. फुलांचा मुकुट सारखा डाव्या कानावर घसरत होता आणि आई तो परत परत नीट करत होती, तो एक फोटो आहे. मी तो पुन्हा पुन्हा बघते. त्यात आईचा हात तुझ्या केसांवर आहे आणि तुझे डोळे मिटलेले आहेत. जाताना रिक्षात बसल्यावर तू मला म्हणालेलीस, “संचू, आज मी आईच्या हातचं खाल्लं गं.” मी म्हटलं, हो. तू म्हणालीस, “आता काही झालं तरी चालेल.”

त्या वाक्यापासून मला लिहायला सुरुवात करायची होती, पण ते जमणार नाही. जरा मागे जाते.

तुझ्या लग्नाला तीन वर्षं झाली. लग्न झालं त्याच वर्षी बाबा गेले, आणि तू त्यांना शेवटचं बघायला आलीस तेव्हा काळुराममामाने तुला जिना चढू दिला नाही. तू नाक्यावर रिक्षात बसून राहिलीस. बाबांना त्या रिक्षाच्या बाजूनेच नेलं. आई तेव्हापासून एकच म्हणते, की बाबांना अ‍ॅटॅक आला नाही, रुचिताने मारलं. गेल्या ईदला तू डबा भरून शीरखुर्मा पाठवलेलास. मी तुला सांगितलेलं की आईने चमचाभर खाल्ला. ते खरं नव्हतं. तिने तो मोरीत ओतला आणि डबा घासून, उन्हात वाळवून परत दिला. तुझं मन राहावं म्हणून मी तसं बोलले. त्यानंतर तुझ्याशी कधी खोटं बोलायचं नाही असं मी ठरवलं, आणि म्हणूनच आज लिहायला बसले आहे.

तुला दिवस गेल्याचं मी घरी सांगितलं तेव्हा आई उठून स्वयंपाकघरात गेली. गणपती झाल्यावर एक दिवस मेथी निवडता निवडता ती म्हणाली, “तुला तिच्याकडचं सगळं माहितीय ना. सांग बघू, काय असतं त्यांच्यात?”

ताई, मला काय वाटलं ते तुला कसं सांगू. तीन वर्षांत तिने तुझ्याबद्दल कधी काही विचारलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी वर्गात शिकवायला जावं तशी तयारी केली. तुझ्याकडे आले तेव्हा अम्मींना विचारून विचारून मी किती भंडावलं, आठवतंय? ते यासाठी होतं. पुढच्या रविवारी मामा आंबिवलीहून आलेला. मी दोघांनाही समोर बसवलं. मामा म्हणाला, “चला, प्रोफेसरीणबाईंचा तास सुरू.” मला त्याचं काही वाटलं नाही.

मी अगदी मुळापासून सांगितलं. की ते मानतात देव एकच आहे, त्याला रूप नाही, त्याच्यासारखं दुसरं कोणी नाही. मुहंमद हे त्याचे शेवटचे पैगंबर, म्हणजे निरोप आणणारे; देव नव्हेत, माणूसच. म्हणून त्यांचीही पूजा करत नाहीत. एवढं मनापासून मानलं आणि तोंडाने म्हटलं की माणूस मुसलमान होतो, त्याला दुसरा कुठला विधी लागत नाही. आईने विचारलं, “आणि नाव बदलतात ते?” मी म्हटलं, चांगल्या अर्थाचं नाव असेल तर बदलावं लागत नाही, ताईचं रुचिताच आहे. तिला ते पटलं नाही. “असेल काहीतरी ठेवलेलं, सांगत नसतील तुला.”

मग नमाज. दिवसातून पाच वेळा, सूर्य उगवण्याआधीपासून रात्रीपर्यंत, हातपाय धुऊन, काबेकडे तोंड करून. रोजे म्हणजे महिनाभर पहाटेपासून सूर्य मावळेपर्यंत काही खायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. मामा म्हणाला थुंकीपण गिळत नाहीत म्हणे, तर मी त्याला सांगितलं की ते कोणीतरी उठवलेलं आहे. आजारी माणसाला, गरोदर बाईला सूट असते, हे ऐकून आईने मान हलवली. जकात सांगितली, की वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीतला ठरावीक भाग गरिबाला द्यायचा, आणि तो उपकार नाही, त्याचा हक्कच असतो. हज सांगितली. “म्हणजे त्यांची काशी,” मामा म्हणाला. मी म्हटलं, तसंच समज, फक्त तिथे राजा आणि हमाल एकसारख्या बिनशिवलेल्या पांढऱ्या कापडात फिरतात. मेल्यानंतर सगळ्यांना पुन्हा उठवतात आणि प्रत्येकाला आपापल्या कर्मांचा जाब द्यावा लागतो, हेही सांगितलं. आई म्हणाली, “हे तर आपल्यातही सांगतात.”

तुला खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, शिक्षणाचा उपयोग हाच. घरात पहिली पदवी माझी. तू कॉलेज सोडून कल्याणच्या साडीच्या दुकानात उभी राहिलीस म्हणून मी बी.ए. झाले. त्या पदवीने मी तुला तुझं माहेर परत आणून देतेय, असं वाटलं.

मग आईने विचारलं, “आणि खाण्यात काय अजिबात चालत नाही?”

मी सांगितलं. की मटण हलाल लागतं, देवाचं नाव घेऊन कापलेलं. दारू नाही. व्याज तर घेणंही नाही आणि देणंही नाही, त्यावर मामा म्हणाला मग आमची अख्खी पतपेढी नरकात. आणि डुक्कर नाही. ते तर अजिबातच नाही.

“आणि चुकून खाल्लं तर?”

मी म्हटलं, चुकून असेल, माहीत नसेल, तर पाप नाही. अम्मींनी मला सांगितलेलं ते जसंच्या तसं सांगितलं: रोजा असताना विसरून कोणी जेवला तरी रोजा मोडत नाही, अल्लाने त्याला जेवू घातलं असं धरतात. मनात काय होतं ते बघतात.

आई म्हणाली, “असं कसं? काही ना काही होतच असेल.”

मी त्या वाक्यावर थांबायला हवं होतं. पण मी उत्साहात पुढच्या मुद्द्यावर गेले.

दसऱ्यानंतर आई म्हणाली, डोहाळजेवण करूया, माहेरचं झालं नाही तर लोक नावं ठेवतात. ती मलाच म्हणाली, तू बोलाव, तुझं ऐकेल ती. तू फोनवर रडलीस. मग तूच विचारलंस, जेवणाचं काय? मी म्हटलं, मी स्वतः राबोडीतून हलाल मटण आणते, तू निर्धास्त ये. मी आणलंही. सकाळी लवकर जाऊन आणलं, माझ्या हाताने आईच्या हातात दिलं.

आता त्या दिवसाचं तुला आठवतं तेवढंच आठव. सगळ्यांना रस्सा होता. तुला आईने रश्श्याबरोबर वेगळं सुकं केलं होतं, भरपूर खोबरं आणि काळा मसाला घालून. ती म्हणाली, “हिला लहानपणापासून सुकंच लागतं.” बाकी आम्ही सगळे रोजच्या ताटांत जेवलो. तुझ्यासाठी नवं कोरं स्टीलचं ताट आणि वाटी आणलेली होती. तू त्या ताटाच्या काठावरून बोट फिरवलंस आणि मला म्हणालीस, बघ, नवं आणलंय माझ्यासाठी. पहिला घास घ्यायच्या आधी तू माझ्याकडे बघितलंस. विचारलं काहीच नाहीस, नुसतं बघितलंस.

मी मान हलवली.

तू परत मागून खाल्लंस. आईने स्वतः वाढलं. मामा म्हणाला, “खा खा, दोन जीवांची आहेस.”

जेवण झाल्यावर तू हळूच मला म्हणालीस, जोहरची, दुपारच्या नमाजाची वेळ आहे, पण राहू दे, घरी जाऊन बघते. ते आईने ऐकलं. “इथेच कर की,” ती म्हणाली. “आम्हालाही बघू दे.” मी मोरीत तुला पाणी घातलं. तू हात धुतलेस, चूळ भरलीस, नाक, तोंड, कोपरापर्यंत हात, केसांवरून ओला हात फिरवलास, आणि पाय मी धुतले कारण तुला वाकता येत नव्हतं. पश्चिम कुठे विचारलंस, तर आईनेच दाखवली, खाडीच्या बाजूला. तिनेच बाबांच्या खोलीत धुतलेली चादर अंथरली आणि स्टूल ठेवलं. तू बसून नमाज पढलीस. बाबांचा फोटो तुझ्या मागच्या भिंतीवर होता. आई आणि मामा दारात उभे राहून सगळं शेवटपर्यंत बघत होते. मामा हसत होता. मला वाटलं, कौतुकाने.

ताई, आता सांगते.

तुला रिक्षात बसवून मी वर आले तेव्हा आई एका गोणपाटात भांडी भरत होती. तुझं ताट, तुझी वाटी, आणि ते पोचे आलेलं जुनं पातेलं ज्यात आपण पूर्वी अंघोळीचं पाणी तापवायचो. मामा ते खाडीत टाकायला नेणार होता. मी विचारलं, नवीन ताट का टाकतेस?

“बाटलंय ते.”

मला इतका संताप आला. आज सगळं एवढं चांगलं झाल्यावर ही असं बोलते. मी तिला सुनवायला सुरुवात केली, की तुझी मुलगी जेवली म्हणून ताट बाटतं का, कुठल्या जमान्यात राहतेस, एवढं सगळं मी तुला समजावून सांगितलं त्याचा काय उपयोग. तिने मला सगळं बोलू दिलं. मधे एकदाही अडवलं नाही. मग म्हणाली,

“तिच्या खाण्याने नाही बाटलं. तिने जे खाल्लं त्याने बाटलं.”

तुझं सुकं राबोडीच्या मटणाचं नव्हतं. राबोडीचं मटण आम्ही खाल्लं. मामाने आंबिवलीहून डब्यातून वेगळं आणलेलं. ते काय होतं ते तुला कळलं असेल, मला तो शब्द तुझ्या नावापुढे लिहिता येत नाही. आपल्या घरात ते कधी कोणी खाल्लेलं नाही, आईला त्याचा वासही सहन होत नाही. त्या सकाळी मटण देऊन मी देवळात गेले तेव्हा तिने नाकाला पदर बांधून ते शिजवलं. हे तिने मला मोठ्या अभिमानाने सांगितलं, की बघ, एवढं केलं मी तिच्यासाठी.

तिच्यासाठी. ती खरंच असं म्हणाली.

तिचं म्हणणं असं. मामाच्या लहानपणी गावात एक म्हातारा सांगायचा, की पूर्वी परकं कोणीतरी विहिरीत पावाचा तुकडा टाकला, लोक नकळत ते पाणी प्यायले आणि अख्खं गाव बाटलं. कोणी म्हटलं नाही की त्यांना माहीत नव्हतं. माहीत नसून बाटता येतं, तर माहीत नसून परत का येता येणार नाही? “ते खाल्लं की त्यांच्यातली राहत नाही. तूच सांगितलंस, अजिबात चालत नाही.” मी म्हटलं, मी हेही सांगितलेलं की चुकून खाल्लं तर काही होत नाही. ती म्हणाली, “तेवढं तुला खोटं सांगितलंय त्यांनी.”

आता ती थांबलीय. गावाहून आपला जुना पाळणा मागवलाय, आणि बाळाचे दिवस भरत आले की ती अम्मींना फोन करणार आहे. “सांगते त्यांना, तुमच्या सुनेने काय खाल्लंय, आमच्या घरी, मागून मागून खाल्लंय. आणि खाऊन नमाजही पढली. ठेवताय का आता?” तिची खात्री आहे की ते तुला त्याच दिवशी बाहेर काढतील आणि तू बॅग घेऊन जिना चढशील. मामा म्हणतो तेव्हा तो स्वतः रिक्षाचं भाडं देईल.

मी आठवडाभर तिच्याशी बोललेले नाही. पण ती माझ्या पानात वाढते आणि मी खाते, कारण दुसरीकडे कुठे जाऊ ते मला अजून कळलेलं नाही.

तुला न सांगण्याचा विचार मी केला. तू सुखात आहेस, तुझ्या पोटात बाळ आहे, आणि तुमच्या धर्माप्रमाणे तुझ्यावर काहीच आलेलं नाही. पण आई कधीतरी सांगणारच आहे, आणि तिच्या तोंडून ते तुला मारण्यासाठी येईल. माझ्याकडून निदान ते खरं म्हणून येईल. मी नेहमी मानत आले की खरं सांगितल्याने माणसाचं शेवटी भलंच होतं. आज तेवढं एकच धरून लिहितेय.

मी माफी मागत नाही. मान मी हलवली होती. ती हलवली नसती तर तू घास घेतला नसतास.

बाळाच्या जन्माच्या वेळी मला तिथे असायचं आहे. कानात पहिली अजान देतात तेव्हा मी दाराबाहेर उभी राहीन. तू हो म्हण किंवा नाही म्हण, पण एक ओळ लिही.

तुझी, अजूनही तुझीच,
संचू


दूधनाका, कल्याण
१७ नोव्हेंबर

संचिता,

तुझं पत्र मिळालं. मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही, तरी लिहिते.

तू सांगितलंस तसं बसून वाचलं. जेवून तास झाला होता. मला उलटी झाली नाही. तुला वाटलं असेल होईल, मलाही वाटलं. मोरीपर्यंत गेले आणि उभी राहिले. काहीच आलं नाही, ते कधीच पोटातून निघून गेलंय. बाळाने त्यातून काय घेतलं असेल एवढंच मनात येत होतं.

मग मी अम्मींना पत्र वाचून दाखवलं, सगळं. त्या तसबीह ओढत होत्या, त्यांचे मणी मधेच थांबले. शेवटी म्हणाल्या, ज्याला ठाऊक नाही त्याच्यावर गुनाह नाही, ऊठ, चूळ भर, आणि बाळासाठी दूध घे. अश्फाकला त्यांनीच सांगितलं. तो बाहेर जाऊन बराच वेळ ओट्यावर बसला. आत आल्यावर त्याने मला एकच विचारलं, तुला त्रास तर नाही झाला? मला घराबाहेर कोणी काढलं नाही. ते आईला कळेल तेव्हा कळेल.

रात्री अम्मींनी आईसाठी दुआ मागितली. म्हणाल्या, आई आहे, तिचं डोकं फिरलंय. मी त्यांचे हात धरून खाली केले. म्हटलं, तिच्यासाठी नको.

आता तुझं.

आईने मला फोन करून हे सांगितलं असतं, तर मी म्हटलं असतं खोटं बोलते, माझं घर मोडायला बोलते. मरेपर्यंत मी तिच्यावर विश्वास ठेवला नसता. त्या दिवशीचं ताट, तो हात, ते सुकं, सगळं माझं राहिलं असतं. बाळाला सांगितलं असतं, तुझ्या आजीने मला एकदा नव्या ताटात वाढलेलं. तुझ्यावर मला विश्वास ठेवावा लागतो. शीरखुर्म्याचं एक खोटंही तुला टिकवता आलं नाही. मला जी आई मिळालेली ती दोन आठवडेही टिकली नाही, आणि ती आईने घेतली नाही, तू घेतलीस.

अल्लाकडे मी काही खाल्लेलं नाही. तुझं पत्र वाचल्यावर खाल्लं.

माझा धर्म तू त्यांना चांगला शिकवलास. अम्मीही म्हणाल्या, पोरीने बरोबर सांगितलंय सगळं. पुढे कोणाला शिकवशील तेव्हा तो कशासाठी विचारतोय ते आधी बघत जा. मला ते तिच्या आवाजावरून फोनवरच कळलं असतं, पण तू मधे होतीस, मी तुझा आवाज ऐकत होते.

ओटीचा नारळ मी फोडला नव्हता, डोक्याशी ठेवून झोपत होते. काल फोडला. चांगला निघाला. सगळ्यांना खोबरं वाटलं.

बाळाच्या वेळी येऊ नकोस. दाराबाहेरही नको.

एक काम मात्र कर. आईला कळू देऊ नकोस की मला माहीत आहे. तिने पाळणा मागवलाय ना, बांधू दे. दोऱ्या बदलू दे, गादी शिवू दे. जिन्यात पाय वाजला की बघायला जाऊ दे. तिच्या मनात येईल तेव्हा ती फोन करेल आणि अम्मी तिला सांगतील, हो, आम्हाला ठाऊक आहे, तुमची मुलगी जेवतेय, नंतर बोला. तोपर्यंत ती रोज तुला काही ना काही विचारेल. रुचिताचा फोन आला का? काय म्हणाली? सुकं आवडलं का तिला?

तू सांग, आवडलं. सांग, पुन्हा कधी करशील विचारत होती. रोज सांग, तिच्या डोळ्यांत बघून, ती वाढेल ते खात खात. तुला जमणार नाही हे मला माहीत आहे, म्हणूनच सांगतेय. गरोदर बाईचे डोहाळे माहेराने पुरवायचे असतात. माझा हा एकच उरलाय.

रुचिता
(इथे अजून सगळे मला याच नावाने हाक मारतात. तेही तिला पुन्हा सांगू नकोस.)